दुप्रेंचं बायबल

"जय भीम, ताई. लगेच येता का?" फोनवर जीवनचा आवाज कापत होता. "दुप्रेंचं बायबल गेलंय. सगळ्यांसमोर मला चोर म्हणाले. काम गेलं तर माझा राहण्याचा परवाना, आउफेंटहाल्टही जाईल, जर्मनीच सोडावी लागेल."

डॉ. धम्मदीपा हायडेलबर्गला जुन्या कागदांवर संशोधन करायची. त्या दिवशी ती दुप्रेंच्या वाइनरीत जाणारच होती. धर्मासाठी फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट पूर्वजाचं ते बायबल तिला तपासायचं होतं. ती तासाभरात पोचली.

पुढच्या अंगणात पूर्वजदिनाचे पाहुणे जमले होते. ऐंशीचे गेओर्ग दुप्रे एकटेच लाकडी बाकं हलवत होते. टेबलावर बेकरीच्या कागदी पिशव्यांत पाव होते. शेजारी छापील कार्ड होतं: 'राजाचे सैनिक आले तेव्हा आमच्या मूळ आजीने बायबल कणकेत लपवून भट्टीत ठेवलं. त्या आठवणीने घरातला वडीलधारा दरवर्षी मागच्या अंगणातल्या भट्टीत स्वतः पाव भाजतो.'

जीवन तळघरातली यंत्रं सांभाळायचा. बायबलच्या काचपेटीत दमटपणा मोजायचं यंत्र त्यानेच काल बसवलं होतं. पेटीचं कुलूप शाबूत होतं.

"किल्ली कुणाकडे असते?" धम्मदीपाने गेओर्गच्या मुलीला, एलीझला विचारलं.

"माझ्याकडे आणि बाबांकडे. काल जीवनला दिली होती."

"त्याने परत केली?"

"संध्याकाळीच. बाबांच्या हातात."

"चोर म्हणून त्याचं नाव कुणी घेतलं?"

एलीझ अडखळली. "बाबांनी."

"बायबलची दोन पानं चिकटवलेली आहेत, ती उघडायची परवानगी मी ईमेलने मागितली होती. ती कुणी वाचली?"

"मी. बाबांना वाचून दाखवली."

धम्मदीपा गेओर्गकडे वळली. "यंदा भट्टी का नाही पेटवली?"

"कंबर धरलीय."

गेओर्ग, एलीझ आणि जीवनला घेऊन ती मागच्या अंगणात गेली आणि भट्टीचं लोखंडी दार ओढलं. आत स्वच्छ कापडात गुंडाळलेलं बायबल होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"कंबर धरलेला माणूस बाकं उचलत नाही," ती म्हणाली. "तुम्ही भट्टी पेटवली नाहीत, कारण बायबल जळलं असतं. आणि ती पानं उघडायची भीती फक्त आतलं ठाऊक असणाऱ्यालाच. काय आहे आत?"

गेओर्ग भट्टीच्या कट्ट्यावर बसले. "माझ्या वडिलांनी मरताना सांगितलं. दुप्रेंचं अख्खं कुटुंब तापाने गेलं. त्यांचा गडी मिशेल इथल्याच गावचा जर्मन. द्राक्षमळा त्याने सांभाळला, नावही त्यांचंच घेतलं. आम्ही त्याचे वंशज, ह्युगेनॉट नाहीच. त्या पानांत हेच लिहिलंय."

एलीझ भिंतीला टेकली.

धम्मदीपाला संताप आवरेना. "मिशेलचं नाव लपवायला तुम्ही जीवनचं नाव बुडवलंत? आसऱ्याला आलेल्या पूर्वजाचा एवढा अभिमान, आणि पोटासाठी परमुलखात आलेल्या पोरावर आळ! माझ्या आजोबांच्या घराण्याचा कागद कुणी जपला नव्हता. तरी ते मान ताठ ठेवून जगले, कारण दुसऱ्याला त्यांनी कधी मान खाली घालायला लावली नाही."

"मला माफ कर, जीवन," गेओर्ग पुटपुटले.

जीवनचे डोळे भरले होते, पण आवाज आता कापत नव्हता. "इथे नको. चोर म्हणालात ते पुढच्या अंगणात."

गेओर्ग कट्ट्यावरून उठले. मग बायबल उचलून ते पुढे गेले. पाहुणे वळून पाहू लागले.

"चोर मी आहे," ते म्हणाले.