वैरागच्या लाइनीचा पत्ता

लिफ्ट बंद होती. जिन्यात एक उंचसा तरुण बॅग खाली ठेवून कठड्याला टेकला होता.

"विमा कंपनीचं संगणक केंद्र... हितंच की?"

"अजून एक मजला. दमलात?" मी थांबून म्हणाले.

"न्हाय हो... कुणीतरी विचारावं म्हणून थांबलो होतो."

मला हसूच आलं. वर पोचल्यावर मात्र कळलं — हे गुरुशांत, पुण्याच्या कार्यालयातून माझीच चूक शोधायला आलेले!

परवापासून आमच्या वैराग शाखेचे कॉम्प्युटर मधूनच गोठत होते. सगळ्या शाखांच्या लाइनी मेनफ्रेमला, म्हणजे केंद्रातल्या मुख्य संगणकाला, जोडणारा नेटवर्क प्रोसेसर माझ्याकडे, म्हणून केंद्रप्रमुख पंचाक्षरी साहेबांचा संशयही माझ्यावरच. नोकरी लागून जेमतेम चार महिने झालेले.

"घाबरू नका," गुरुशांत शेजारी बसत म्हणाले. "तपासणीची कमांड देऊ. प्रोसेसर बंद न करता त्याची टेबलं, म्हणजे आतल्या नोंदींचे तक्ते, वाचता येतात."

मी कमांड दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी उतरल्या — कुठली लाइन, तिचा पत्ता काय, चालू की बंद. खालच्या गल्लीतून यंत्रमागांची खटखट ऐकू येत होती. आमची डोकी नकळत जवळ आली... मी मुद्दाम पडद्यावरून नजर हलवली नाही.

"थांबा! वैराग आणि अक्कलकोट... दोन्ही लाइनींना एकच पत्ता! अक्कलकोटचं काम सुरू झालं की वैराग अडकतं!"

ही नोंद कुणी केली, ते त्यांनी शोधलं. नाव त्यांचंच होतं. परवा पुण्यातून केलेली नोंद.

"दुरुस्त करून टाका," मी हळूच म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"आणि संशय तुमच्यावर राहू देऊ?"

त्यांनी पत्ता बदलला. वैरागहून फोन आला — सुरळीत चाललंय. मग रिपोर्टात 'चूक माझी' असं लिहून तो कागद ते स्वतः साहेबांपुढे ठेवून आले.

कँटीनमध्ये चहा घेताना म्हणाले, "बढती गेली बहुतेक."

"वाईट वाटतंय?"

"थोडं... पण आई इथं जवळच, अक्कलकोटला एकटी असते. तुमच्या केंद्रात एक जागा रिकामी हाय म्हणे. मागू का?"

"मला कशाला विचारता?"

"शेजारी तुमीच बसणार की."

"आणि मी नको म्हटलं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे. "तर न्हाय मागणार."

माझा चहा तसाच निवत राहिला. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या...

"मागा," मी म्हटलं. "आणि मला तुमी-बिमी नको. शिवलीला म्हणा."