कंठपट्टी

खारगावच्या बाजारात निंबोऱ्यांची गाडी थांबली की आधी त्यांच्या गळ्याकडे बघायचं, ही तिथल्या माणसांची सवय होती. गळ्याला कंठपट्टी दिसली तर बाजार चालू राहायचा. नाही दिसली, तर बायाबाप्ये कमरेला बांधलेली पत्र्याची झाकणं सोडून हाताला येईल त्यानं बडवायला लागायचे, आणि त्या खणखणाटात मालकाचा शब्द बुडून जायचा.

कंठपट्टी म्हणजे बोटभर रुंदीची एक मऊ पट्टी. गळ्याला बांधली की स्वरतंतूंची थरथर बदलते आणि आवाज जरा किनरा होतो, एवढंच. ती दुखत नाही, खुपत नाही, जेवताना काढून ठेवता येते. पण या पट्टीवरून देश पुन्हा पेटायच्या बेताला आला होता.

हे समजायला आधी स्वरबंध समजून घ्यायला हवा. तापल्या तव्याला हात लागला तर तो झटक्यात मागे येतो. भाजल्याचं आपल्याला नंतर कळतं. हात मागे घेण्याचा निरोप मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाला विचारायला जात नाही, मणक्यातूनच परत फिरतो. दीडशे वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत अशीच आडवाट कान आणि स्नायू यांच्यामध्ये तयार करण्यात आली. लुळ्या पडलेल्या रोग्यांना चालतं करायचं होतं म्हणे. असल्या गोष्टींचा मूळ हेतू नेहमीच उदात्त असतो! चार वर्षांच्या पोराला एक इंजेक्शन द्यायचं आणि महिनाभर एकाच माणसाचा आवाज ऐकवायचा. मग त्या आवाजातली आज्ञा शरीर आधी पाळतं आणि मनाला मागाहून समजतं. रोगी राहिले बाजूला. आटलेल्या समुद्राच्या तळाशी लिथियमची मिठागरं होती, तिथल्या मालकांनी ही युक्ती उचलली. बापाच्या आवाजाची धाटणी लेकाच्या गळ्यात उतरते, त्यामुळे मिठागराबरोबर माणसंही वारसाहक्कानं मिळू लागली. कायद्यात त्यांना 'बांधील' असा सभ्य शब्द होता. जुना शब्द गुलाम.

उत्तरेकडच्या पठारावरची मंडळी काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्याच लिथियमवर त्यांच्या गाड्या धावत होत्या, दिवे लागत होते, आणि कुणी विचारलं तर ती कानांवर हात ठेवत होती. पुढे मात्र प्रश्न टाळता येईना. संसद दुभंगली, मिठागरांच्या प्रांतांनी वेगळं राष्ट्र जाहीर केलं आणि पाच वर्षं भावाभावांत युद्ध झालं. पठार जिंकलं. तहात बांधील माणसं मोकळी झाली. मोकळ्यांना मिठागरांत वाटा मिळेल, शाळा मिळतील आणि जुने मालक चारचौघांत कंठपट्टीशिवाय बोलणार नाहीत, असं ठरलं. पुढच्या चौदा वर्षांत मिठागरं 'तात्पुरती' म्हणून मालकांकडे परत गेली, शाळा जळाल्या, त्या कुणी जाळल्या ते सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी सापडलं नाही, आणि पठाराचं सैन्य कंटाळून घरी गेलं. उरली होती ती फक्त पट्टी. आता तीही काढायची का, हे ठरवायला समेट आयोग खारगावात येणार होता.

सुनावणीच्या आदल्या सकाळी डॉ. शर्वाणी टिल्लू मोकळ्यांच्या वस्तीत हौसाच्या घरी आल्या. डॉक्टर पठारावरच्या, मज्जासंस्थेच्या अभ्यासक. हौसा निंबोऱ्यांच्या मिठागरावर वाढलेली. आयोगापुढे मोकळ्यांच्या बाजूनं तीच बोलणार होती.

"हौसाबाई, उद्या आपण हरणार," डॉक्टर म्हणाल्या. "चौदा वर्षांत स्वरबंध झिजला, असं निंबोऱ्यांचे वकील म्हणतात. तो झिजलेला नाही हे दाखवायला माझ्याकडे पुरावा नाही."

"का वो? मालकाचा आवाज त्या यंत्रात भरून ठिवला हाय की."

"यंत्रातून वाजवला तर काहीच होत नाही. गळ्यातल्या आवाजात काही बारीक कंप असतात. आपल्याला ते ऐकू आल्याचं कळतसुद्धा नाही, पण स्वरबंध त्यांनाच ओळखतो. भोंग्यातून ते गळून जातात. समोर उभं राहून बोलणारा माणूस हवा, आणि मालक म्हणतात, चाचणीला उभं राहणं आमच्या इभ्रतीला शोभत नाही."

"मंग ही वाट तोडाच की कायमची."

"तोडता येते. पण ऐकण्याची नस आणि ही वाट एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक तोडली की दुसरी जाते. माणूस ठार बहिरा होतो."

तेवढ्यात हौसाचा सोळा वर्षांचा मुलगा, उमेद, पाण्याची घागर घेऊन आत आला. त्याच्या गळ्याला कंठपट्टी होती. डॉक्टर बघतच राहिल्या. मोकळ्याच्या पोराला पट्टी कशाला? त्यांनी हौसाकडे पाहिलं आणि हौसानं मान खाली घातली.

"औंदा त्याचा आवाज फुटला," ती म्हणाली. "सकाळी झोपंतनं उठून म्हणला, आये, पानी दे. माज्या हातात उकळतं भांडं व्हतं. ते तसंच टाकून पाय चालाय लागले. पाय भाजला तरी थांबले न्हाईत. पोरानं माजं तोंड बघितलं न् त्याला उमगलं. त्याच दिशी पट्टी घेऊन आला."

डॉक्टरांची नजर तिच्या भाजलेल्या पायाकडे गेली.

"सतरा वर्सांमागं त्याच आवाजानं मला 'ये' म्हणलं व्हतं, बाई. म्या न्हाई गेले. पाय गेले." हौसानं पदरानं तोंड पुसलं. "वस्तीला म्या सांगितलंय, बाप लढाईत गेला."

म्हणजे पुरावा घरातच होता. पण तो मांडायचा तर अख्ख्या गावासमोर सांगावं लागणार होतं की हा पोरगा कुणाचा. डॉक्टरांनी मागितलं नाही. उमेदच म्हणाला, "आये, मी बोलतो. एकच शब्द."

"मंग लोक तुला काय म्हनतील?"

"म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारात शिपायांनी मोकळ्यांच्या कमरेची झाकणं काढून घेतली. गोंगाटानं कामकाजात व्यत्यय येतो, असं कारण दिलं. आत नानासाहेब निंबोरे पहिल्या रांगेत बसले होते. पट्टीतून येणाऱ्या किनऱ्या आवाजात त्यांनी भाषण केलं. "हा आवाज माझ्या सात पिढ्यांचा आहे. तो आम्हाला चौदा वर्षं चोरासारखा लपवावा लागतो. आमचं दुःख कुणी मोजलंय?" समोरच्या बाकांवर दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. ज्यांची चार-चार वर्षांची लेकरं इंजेक्शन देऊन नांगराच्या बैलासारखी जुंपली गेली ते मागे उभे होते, आणि डोळे टिपले जात होते निंबोऱ्यांच्या गळ्यासाठी! मागच्यांना खुर्च्याही दिल्या नव्हत्या.

आयोगाचे अध्यक्ष सौम्य, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी हौसाला विचारलं, "बाई, स्वरबंध अजून आहे असं तुमचं म्हणणं. पुरावा?"

हौसानं डोळे मिटले. "ह्यो माजा ल्योक हाय," ती म्हणाली. "आन् ह्येचा बाप तिथं पहिल्या रांगंत बसलाय."

एकच गलका उठला. निंबोरे लालबुंद होऊन उठले. उमेदनं गळ्याची पट्टी सोडली, मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बसा."

निंबोऱ्यांच्या मिठागरावरची सगळी माणसं एका क्षणात फरशीवर बसली. पट्टी सुटताना पाहून हात कमरेकडे गेले होते, पण तिथं झाकणं नव्हती. गुडघे आखडलेली एक म्हातारी होती, कळ येऊन तिचा श्वास कोंडला, पण तीही बसली. साक्षीच्या पिंजऱ्यात हौसा बसली. काही जणांना बसल्यावर कळलं की आपण बसलोय, आणि मग त्यांनी मान वर करून उमेदकडे पाहिलं. तो त्यांच्यात खेळून वाढलेला पोर होता. त्या नजरा त्याला सोसवेनात. त्यानं घाईघाईनं पट्टी बांधली.

अध्यक्षांनी सहकाऱ्यांशी बराच वेळ कुजबूज केली. मग ते म्हणाले, "आयोगाची खात्री पटली आहे. स्वरबंध जिवंत आहे."

मागे कुणीतरी हुंदका दिला. कुणी कुणाला मिठी मारली. डॉक्टरांनी हौसाचा हात घट्ट धरला.

"तेव्हा," अध्यक्ष पुढे म्हणाले, "हा धोका पट्टीसारख्या वरवरच्या उपायावर सोडता येणार नाही. पट्टी निसटू शकते, बांधायची राहून जाऊ शकते. आणि नागरिकांच्या एका मोठ्या वर्गाला ती अपमानास्पद वाटते. दोन्ही बाजूंना न्याय मिळावा म्हणून कंठपट्टीचा कायदा रद्द होत आहे. मोकळ्या नागरिकांवर श्रवण-नसेची शस्त्रक्रिया सक्तीनं आणि पूर्णपणे मोफत केली जाईल. निंबोरे मिठागरापासून सुरुवात, येत्या सोमवारी."

डॉक्टर ओरडल्या, "अहो, बोटभर पट्टी बांधायची यांची तयारी नाही म्हणून त्यांनी जन्मभर बहिरं व्हायचं?"

"बाई, समेट म्हटला की थोडं सोसावं लागतं," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले.

कुणी किती सोसायचं, हे मात्र ज्यांनी कधीच काही सोसलं नव्हतं त्यांनी ठरवलं होतं. निंबोऱ्यांनी तिथल्या तिथे पट्टी काढून खिशात घातली. जाता जाता ते उमेदजवळ क्षणभर थांबले. नुसते हसले.

रविवारी संध्याकाळी हौसानं दार लावून घेतलं आणि मुलाला समोर बसवलं. "पट्टी सोड," ती म्हणाली. "उद्यापास्नं काय बी ऐकू यायचं न्हाई. तुजा खरा आवाज कसा हाय, त्यो मला मनभरून ऐकू दे. कुनाचा का असंना, आता तुजाच हाय त्यो."

उमेद बोलत राहिला. शाळेतल्या गमती, तळ्यावर उतरलेल्या पक्ष्यांच्या गोष्टी, आपण पुढे काय शिकणार ते. आईला काही कर किंवा करू नको म्हणायचं नाही, याची तो शब्दाशब्दाला काळजी घेत होता. ती भुकेल्यासारखी ऐकत होती. बाहेर अंधारून आलं तशी ती ढसाढसा रडायला लागली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या रडण्यात होतं.

उमेद गडबडला. त्यानं तिचे हात धरले आणि आई रडताना कुठलंही लेकरू जे म्हणेल तेच म्हणून बसला.

"आये, रडू नको ना."

हौसाचा हुंदका अर्ध्यावर थांबला. छातीची धपधप मंदावली, चेहऱ्यावरची एकेक शीर सैल झाली आणि डोळे कोरडे झाले. उमेद तिच्याकडे बघत राहिला. आपण काय केलं ते त्याला कळलं, पण शब्द तोंडून निघून गेला होता.

तिला अजून रडायचं होतं.