इथे वाट पाहणे चालू आहे

जेवणाची सुट्टी संपवून मी टेबलाशी बसले, खुर्ची पुढे ओढली, पाय ऐसपैस ताणले... आणि माझ्या टेबलाखालून कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं.

मी खुर्चीसकट मागे. खाली एक माणूस पालथा पडला होता. एका हातात निळी वायर, दुसरा हात कपाळावर.

"कोण तुम्ही? आणि माझ्या टेबलाखाली काय करताय?"

"तुमचा नकाशा शहराला दाखवायला आलोय," तो कपाळ चोळत बाहेर आला. "तुमच्या सर्व्हरची वायर शोधत होतो. वायर मिळायच्या आधी दिवसा तारे दिसले."

चूक माझी होती, पण माफी मागायची मला लहानपणापासून सवय नाही. मी म्हटलं, "टेबलाखाली शिरताना आधी सांगायची पद्धत असते."

"टेबलाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही जेवायला गेला होता."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे करते. शहरातली प्रत्येक पाइपलाइन, प्रत्येक व्हॉल्व्ह, कुठून पाणी येतं, कुठे बंद होतं... तीन वर्षं पायी हिंडून, ऊन खाऊन, कुत्री मागे लावून घेऊन मी तो नकाशा केलाय. पण तो दिसायचा फक्त आमच्या कचेरीत. साहेबांनी सोमवारी स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत हा लोकांना घरबसल्या दिसला तर ठीक. नाहीतर बाहेरची कंपनी तयार नकाशा घेऊन दारात बसलीय." म्हणजे माझी तीन वर्षं कपाटात. त्या कामासाठी या माणसाला बोलावलं होतं, आणि मी त्याला लाथ घातली होती.

"सरळ उघडून टाका ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"पाहुणा आला की तुम्ही त्याला थेट स्वयंपाकघरात नेता का? दारात एक माणूस हवा. तो विचारेल, काय हवंय? आत जाईल, आणून देईल. आलेल्याला घराचं आतलं काही दिसणार नाही. यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात."

"म्हणजे आमच्या गेटवरच्या काकांसारखं. ते कुणाला आत सोडत नाहीत, स्वतःच निरोप घेऊन जिना चढतात."

तो एकदम खूष. "झालं! आपल्या प्रॉक्सीचं नाव काका."

तेव्हापासून आमच्या बोलण्यात काकाच. "काका आज जागे झाले." "काका दार उघडेनात." पलीकडच्या टेबलावरच्या टायपिस्टताई दोन दिवस समजत होत्या की त्याचे कुणी नातेवाईक दवाखान्यात आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांसाठी सफरचंदं आणली. आम्ही दोघांनी मान खाली घालून ती खाल्ली.

बुधवारी त्याने विचारलं, "तुमचा सर्व्हर जरा वयस्कर आहे. नकाशा छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक तुकडा काढताना त्याला धाप लागते. एकदा काढलेला तुकडा काकांनी जवळ ठेवून घ्यावा आणि पुढच्याला तोच द्यावा. किती दिवस ठेवू?"

"सात."

"नक्की? मधे नकाशात काही बदललं तर—"

"पाइप काय रोज कूस बदलतात? तीन वर्षं मी केलाय हा नकाशा. मला विचारताय?"

"सात तर सात," तो म्हणाला. पण माझ्याकडे असं बघून हसला की मला पुढचा अर्धा तास एकही व्हॉल्व्ह नीट मांडता येईना.

गुरुवारी सकाळी त्याने जाहीर केलं, "काका कामाला लागले!" माझ्या टेबलावर नकाशा झळाळत होता. साहेबांच्या टेबलावरही. आम्ही दोघं ऐटीत रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर गेलो, बाहेरच्या माणसाला कसा दिसतो ते बघायला. टपरीशेजारी एक बाकडं आहे, आणि बाकड्याच्या पायाशी माझा दोनशे बारा नंबरचा व्हॉल्व्ह. आम्ही बाकड्यावर बसलो. मी फोनवर नकाशा उघडला.

राखाडी चौकोन. नुसते राखाडी चौकोन.

"आत तर दिसत होता!" माझा आवाज चिरकला.

"आतून सगळं बरंच दिसतं," तो म्हणाला. "बाहेर येऊन बघितल्याशिवाय कळत नाही."

उन्हाने फोनवर काही वाचता येत नव्हतं. त्याने आपली फाइल माझ्या फोनवर छपरासारखी धरली. त्यासाठी त्याला जवळ सरकावं लागलं. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि जरा वायरींच्या धुळीचा वास येत होता. मी उगाचच पुन्हा पुन्हा तेच पान उघडत राहिले... आणि मग दिसलं.

"अहो, हे बघा! प्रत्येक राखाडी चौकोनाचा पत्ता. हा तर माझ्या खोलीतल्या सर्व्हरचा पत्ता आहे!"

तो वाकून बघायला लागला, आणि खो खो हसत सुटला. "काकांनी काम चोख केलंय. पण तुमचा सर्व्हर भोळा. काकांनी पहिलं पान आणून दिलं, त्यात तो लिहितोय, 'बाकीचे तुकडे माझ्या खोलीत येऊन घ्या.' आतल्यांना ती खोली माहीत आहे. बाहेरच्याने कुठे शोधायची? त्याला सांगायला हवं होतं, की बाबा रे, आता आपला पत्ता म्हणजे काकांचा पत्ता. त्यासाठी सर्व्हरमध्ये एक रकाना असतो."

तो रकाना मला माहीत होता. तीन वर्षं मी तो रिकामा ठेवला होता. 'मला विचारताय?' म्हणणारी मी... माझे कान गरम झाले.

"म्हणजे चूक माझी," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

"मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "पळा वर. मी इथेच थांबतो."

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेले, रकान्यात काकांचा पत्ता लिहिला, जतन केलं आणि खिडकीकडे धावले. खाली रस्त्यापलीकडे तो बाकड्यावर उभा. हो, बाकड्यावर चढून उभा! एका हातात फोन, दुसरा हात उंच, आणि चेहरा असा की जणू शहराला पाणी त्यानेच सोडलंय. मी खिडकीतून हात हलवला. मग बघते तर दोन्ही हात हलवत होते, आणि मागे टायपिस्टताई उभ्या होत्या.

"काका बरे झाले वाटतं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी नकाशा शहराला दिसला. साहेब चक्क हसले. बाहेरची कंपनी दारातून उठून गेली. माझी तीन वर्षं वाचली... आणि त्याचं काम संपलं. इतका साधा हिशेब आधी माझ्या लक्षात आला नव्हता.

निघताना तो दारात घुटमळला. "काही बिघडलं तर फोन करा."

"हो. बिघडलं तर करीन."

"बिघडेलच असं नाही..."

"नाही, तुम्ही काम चांगलंच केलंय."

"हो ना," तो म्हणाला, का कोण जाणे जरा पडल्या आवाजात. आणि गेला.

घ्या! जिभेला एरवी हाड नाही, आणि नेमक्या वेळी दातखीळ.

सोमवारपासून मी रोज काकांची नोंदवही वाचायला लागले. नकाशाचा कुठला तुकडा किती वाजता कुणी मागितला, ते काका आपोआप टिपून ठेवतात. माणसाचं नाव नसतं, नुसते आकडे. लोक आपापली घरं बघत होते. आणि एक जण रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यायचा, एकच तुकडा बघायचा आणि जायचा. त्या तुकड्याचे आकडे मला तोंडपाठ होते. गुरुवारी उन्हात बसून मी तेच तर पन्नासदा उघडले होते. त्या चौकोनात बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. दोनशे बारा नंबरचा व्हॉल्व्ह आणि एक बाकडं.

मंगळवारी, नऊ दहा. बुधवारी, नऊ दहा. तो असेल का? की टपरीवाल्या मावशी असतील? पण मावशींकडे साधा फोन. मग कुणीतरी उगाचच... पण उगाचच कुणी रोज बाकडं बघतं का? फोन करावा, तर काय सांगून करू? काहीच बिघडत नव्हतं. मेले काका घड्याळासारखे चालत होते.

पुढच्या शुक्रवारी मी नऊच्या आधीच कचेरीत पोचले. नकाशावर आम्ही दुरुस्तीच्या टिपा टाकतो. जिथे खोदकाम असेल तिथे लाल अक्षरांत 'इथे दुरुस्ती चालू आहे'. काम झालं की तीच टीप एक दिवस हिरवी करतो. मी दोनशे बारावर लाल टीप टाकली:

'इथे एकाची वाट पाहणे चालू आहे.'

नऊ दहा झाले. तुकडा मागितला गेला. मी टाळीच वाजवली... आणि मग भानावर आले. अगं बाई, हा नकाशा अख्ख्या शहराला दिसतो! मी घाईघाईने टीप पुसली. हुश्श केलं. फोनवर खात्री करायला नकाशा उघडला.

टीप जागच्या जागी. लालभडक.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. काका! आदल्या गुरुवारचा तुकडा सात दिवसांनी, म्हणजे कालच, शिळा झाला, म्हणून काकांनी आज सकाळी नवा मागून घेतला होता, नेमका माझ्या टिपेसकट. आणि आता ते तो पुढचे सात दिवस इमानाने येईल त्याला देणार होते. 'पाइप काय रोज कूस बदलतात?' पाइप नाही बदलत हो, पण टिपा बदलतात! त्या माझ्या ध्यानातच नव्हत्या. नशीब, आठवडाभर कुठे दुरुस्ती निघाली नव्हती.

साडेनऊला पहिला फोन आला. एक आजोबा. "वाट कुणाची पाहताय, पाण्याची का? मग आम्हीपण पाहतो." पावणेदहाला आईचा. "ए, हे 'एकाची' म्हणजे कुणाची गं? मला काही सांगायची पद्धत?" दहाला साहेबांनी आत बोलावलं.

"ही टीप?"

"पुसली सर. पण काका... म्हणजे प्रॉक्सी... ती त्यालाच काढता येईल."

"मग बोलव त्याला," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "आणि एक सांग. लाल टीप पुसायची आपल्या खात्यात पद्धत आहे का?"

"नाही सर. काम झालं की हिरवी करतो."

"मग नियमाने कर."

मी फोन लावला. एक घंटा पूर्ण वाजायच्या आत त्याने उचलला.

"बिघडलंय," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "खिडकीतून बघा."

तो बाकड्यावर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, हातात चहाचा कप, दुसरा कप शेजारी झाकून ठेवलेला.

मी जिना कसा उतरले, मला विचारू नका. रस्ता ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा धाप लागली होती, अगदी माझ्या वयस्कर सर्व्हरसारखी.

"रोज नऊ दहाला तुम्हीच ना?"

"मीच. तुम्ही नोंदवही वाचता की नाही तेही माहीत नव्हतं. पण दुसरा रस्ताच सुचेना. इतकं चांगलं काम करून ठेवलं याचा आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. आठवडाभर एक साधी कुरकुर नाही! मी रोज म्हणायचो, काका, जरा तरी बिघडा."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही. "मग फोन करायचा ना, वेड्या!"

"वेड्या म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "इतके दिवस 'अहो' होतं."

"पुसायचंय ते लवकर. अख्खं शहर बघतंय."

"एक मिनिटाचं काम आहे." त्याची बोटं कळफलकावर थांबली. "पण आधी सांग, वाट माझीच पाहत होतीस ना? नाहीतर मी आलो, चहा मागवला..."

"तुझीच," मी म्हटलं. "टेबलाखालून बाहेर आलास तेव्हापासून. मला तू आवडतोस. झालं? आता पूस."

त्याने काकांकडचा जुना तुकडा काढून टाकला, आणि यापुढे टिपा जवळ ठेवायच्या नाहीत असंही काकांना बजावलं. फाइल पुन्हा फोनवर छपरासारखी धरली. लाल टीप गेली होती. उरलं नुसतं बाकडं आणि व्हॉल्व्ह.

"थांब," मी म्हटलं. "साहेबांनी नियमाने करायला सांगितलंय." मी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला, नकाशात शिरले आणि त्याच जागी टीप पुन्हा टाकली, हिरव्या अक्षरांत:

'इथे वाट पाहणे चालू होते. काम पूर्ण.'

समोर, वरच्या खिडकीत, टायपिस्टताई दोन्ही हात हलवत होत्या. माझा फोन वाजला. आई. मी तो उचलून त्याच्या हातात दिला.

"घे," मी म्हटलं. "काय विचारेल त्याला उत्तर दे. आता मधे कुणी काका नाहीत."