डावीकडचा ब्रेक

कुशिरोच्या पेट्रोलपंपावर तोकुमारूंनी टाकी भरून घेतली, चारही चाकांतली हवा स्वतः वाकून तपासली आणि आरसा नव्यानं बसवला. काच पुसणारा माणूस आत डोकावला.

"ही तर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिसतेय, साहेब."

"होती. शाळा बंद पडली. जाताना मला देऊन टाकली."

"डावीकडचा ब्रेक तसाच आहे की अजून."

"असू दे. तिथं बसणार कोण आहे?" तोकुमारू म्हणाले आणि गाडीत बसले.

सदतीस वर्षं ते त्या डाव्या सीटवर बसले होते. शेजारी घाम पुसत गाडी शिकणारी माणसं, आणि स्वतःच्या पायाखाली शिक्षकाचा जादा ब्रेक. आता वय एकाहत्तर. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगी म्हणत होती, बाबा, लायसन्स परत करून टाका. बराच वाद झाला आणि शेवटी तह ठरला. पूर्व होक्काइदोची एक फेरी बाबांनी एकट्यानं करून यावी. गाडीवर एक ओरखडा जरी दिसला, तरी लायसन्स जमा. तोकुमारूंनी हसत मान डोलावली होती. धुक्यात उजव्या डोळ्याला कडा पुसट दिसतात, हे मात्र त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं.

रस्ता सुरेख होता. एका बाजूला दलदलीतलं पिवळं गवत, त्यात दोन क्रौंच एकमेकांशी काहीतरी घरगुती वाद घालत उभे. तोकुमारूंनी कॉफीचा कॅन उघडला, एक घोट घेतला, आणि गाडी थांबली.

आधी दोन हलके झटके, मग पूर्ण.

कॉफी शर्टावर सांडली. समोर, बंपरपासून हातभर अंतरावर, एक हरीण रस्त्यात येऊन उभं होतं. त्यानं तोकुमारूंकडे जरा नाराजीनं पाहिलं आणि ते निवांत पलीकडे गेलं. "शाब्बास," तोकुमारू स्वतःलाच म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

दुसऱ्यांदा हे झालं आक्केशीच्या सिग्नलला. दिवा हिरवा होता. पिवळा होईल तो त्यांच्या हिशेबानं ते पलीकडे पोचल्यावर. दोन हलके झटके, मग पूर्ण. रिकाम्या चौकात गाडी हिरव्या दिव्यासमोर उभी राहिली. मागच्या दुधाच्या टँकरनं हॉर्न दिला. तोकुमारूंचे कान तापले. सदतीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांचे ब्रेक दाबले होते. त्यांचा ब्रेक कुणी दाबला नव्हता.

आणि ती पद्धत ते ओळखत होते.

त्या रात्रीचा मुक्काम एका जुन्या गोठ्यात होता. गोठ्याचं हॉस्टेल करून चाळीस वर्षं झाली होती. ते चालवणाऱ्या इसेकीमावशींनी खेकड्याचं मिसो सूप वाढलं. टेबलाशी आणखी एकच पाहुणी होती, मिनाहो. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, ओसाकाहून नोकरी सोडून सायकलवर निघालेली. नाक उन्हानं सोललेलं. सूप संपेपर्यंत तिनं तोकुमारूंचं नाव, गाव आणि व्यवसाय काढून घेतला होता आणि त्यांना मास्तर म्हणायला लागली होती. त्यामुळे ब्रेकची गोष्ट तोंडातून निघून गेली.

"मग कोण आहे म्हणता तो?" मावशींनी विचारलं. आवाजात आश्चर्य वगैरे काही नव्हतं.

"उशियामा. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आधी दोन झटके, मग पूर्ण, ही त्याचीच सवय. गेल्या हिवाळ्यात गेला. शिक्षकांच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. हातात चहाचा कप होता, पण थेंब सांडला नाही."

"म्हणजे माणूस काळजी घेणारा होता," मिनाहो म्हणाली.

"घाबरट होता. मुंगी आडवी गेली तरी ब्रेक."

"तुमचं पटायचं नाही वाटतं."

"एकोणतीस वर्षं पटलं नाही," तोकुमारू म्हणाले. "पण दुपारचं जेवण रोज बरोबर व्हायचं."

मावशींनी उठून आणखी एक कप आणला आणि चहा ओतून टेबलाच्या रिकाम्या बाजूला ठेवला. "गाडीत बसून आलाय बिचारा इतक्या लांब," त्या म्हणाल्या. मिनाहोला हसू आवरेना. तोकुमारूही हसले. मात्र निजायला जाताना त्यांनी त्या कपाकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मिनाहो सकाळीच पुढं गेली. तोकुमारू जेवून दुपारी एकच्या सुमाराला निघाले. दोन वाजता समुद्रावरून धुकं आलं.

आधी समुद्र गेला, मग कुरणं, मग कुरणांवरच्या गाई. उरले ते फक्त रस्त्याची कड दाखवणारे, खांबांवरून खाली लोंबणारे बाण. एक गेला की दुसरा येईपर्यंत काहीच नाही. ओल्या शेवाळाचा वास गाडीत शिरला. तोकुमारूंनी काच वर घेतली, दिवे लावले. उजव्या डोळ्यापुढं सगळं दुधासारखं झालं होतं. परतावं, असं त्यांना वाटलं. पण परतून मुलीला सांगायचं काय? ते चाळीसच्या वेगानं पुढं गेले.

दोन झटके. मग पूर्ण.

गाडी थांबली. समोर धुकं. हरीण नाही, सिग्नल नाही, काही नाही.

"उशियामा," तोकुमारू हळूच म्हणाले, "सोड."

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घुरघुरलं, गाडी जागची हलली नाही. डावीकडे खाली ब्रेकचं पेडल पार तळापर्यंत गेलेलं दिसत होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं.

"हे बघ, मी तुला सीनियर आहे. आठ वर्षांनी. आत्ता रस्ता मोकळा आहे, आणि तू..."

डाव्या खिडकीच्या काचेवर वाफ उमटली. बाहेरून.

ती विरली तेव्हा तिथं एक ओलं, काळं नाक होतं. मागं भलंमोठं तपकिरी डोकं. अस्वल. इतक्या जवळ की कानातली गवताची काडीसुद्धा दिसत होती. काचेतून कुजक्या माशाचा वास यावा, इतकं जवळ. तोकुमारूंचा हात हॉर्नकडे गेला.

पण अस्वल त्यांच्याकडे बघतच नव्हतं. ते बघत होतं डाव्या सीटकडे. रिकाम्या सीटकडे, जिथं माणसाचं डोकं असतं त्या उंचीवर. बराच वेळ बघत राहिलं. मग त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला... आणि ते एवढं मोठं जनावर मागं मागं सरकत, पार्श्वभाग कठड्याला आपटत, धुक्यात पळून गेलं.

पेडल सावकाश वर आलं.

तोकुमारूंनी गाडी पायी चालल्याच्या वेगानं पुढं घेतली. वीस पावलं, फार तर पंचवीस. दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या ऐन मधोमध एक राखाडी गाठोडं दिसलं. ती रेनकोट घालून बसलेली मिनाहो होती. शेजारी सायकल उलटी करून ठेवलेली, कानात गाण्याच्या वायरी, हात चेनच्या तेलानं काळे.

"मास्तर," ती वर बघून म्हणाली, "बरं झालं आलात. ही चेन बसतच नाहीये बघा."

तोकुमारू गाडीतून उतरले. "रस्त्याच्या मधे बसतात का, पोरी?"

"मधे आहे का मी? मला वाटलं कडेला आहे."

त्यांनी अस्वलाचं सांगितलं. ते कुठल्या बाजूला पळालं, हेही सांगितलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला तू दिसली नसतीस. डोळा... बरोबर नाही माझा. गाडी येते का तुला?"

"लायसन्स आहे."

"मग तू चालव. दिवे खालचे ठेव. वेग वीस."

सायकल डिकीत अर्धी बाहेर ठेवून दोरीनं बांधली. मुलीला फोन करून काय सांगायचं ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि नवल म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं. डावीकडचं दार उघडून ते क्षणभर घुटमळले. मग अदबीनं म्हणाले, "उशियामा, जरा मागं बसता का? ही माझी जागा आहे."

सीट बर्फासारखी गार होती. ती हळूहळू नेहमीसारखी झाली. तोकुमारूंनी पाय ब्रेकवर ठेवला. मिनाहोनं गाडी सुरू केली, आरसे पाहिले, इशारा दिला. शिकवलं कुणी का असेना, चांगलं शिकवलं होतं.

मागच्या सीटवर 'खट्' असा आवाज झाला. पट्टा लागल्याचा.

दोघंही समोर बघत राहिले. मिनाहोच्या तोंडावर हसू फुटू लागलं होतं. "नियम पाळतात हो तुमचे मित्र," ती कुजबुजली.

"त्याचा तोच तर..." तोकुमारूंनी बोलायला सुरुवात केली.

खट्.

हा पट्टा दुसऱ्या बाजूचा होता.

मिनाहोचं हसू तोंडावर तसंच राहिलं. आरशात न बघता तिनं विचारलं, "मास्तर... काल तुम्ही एकट्या उशियामांचंच नाव घेतलं होतंत ना?"