उलटे ब्रेक

मी त्याच्या पायाशी पडले, ते अगदी शब्दशः.

परदेशातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी सायकलींचं एक दुकान होतं. त्याच्यासमोरच्या उतारावर मी भाड्याची सायकल चालवून बघत होते. वेग थोडा कमी करावा म्हणून डाव्या हाताने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी मात्र थांबले नाही. हँडलवरून उडाले ती थेट दारात उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या बुटांपाशी.

"आई गं…"

"आई इथे नाही," वरून स्वच्छ मराठीत उत्तर आलं. "पाणी चालेल?"

त्या परक्या मुलुखात आपली भाषा ऐकून मी कोपर दुखायचंच विसरले.

चूक त्याची होती. आपल्याकडे डाव्या हाताला मागच्या चाकाचा ब्रेक असतो, तिथे पुढच्या. पाहुण्यांना सायकल देताना सगळ्यात आधी हेच सांगायचं असतं, आणि नेमकं तेच राहिलं, असं तो मान खाली घालून म्हणाला. मी हसून सोडूनही दिलं असतं. पण माझ्यामागून दादा उतरत होता. तोही तसाच उडाला, आणि त्याचं मनगट मोडलं.

आम्ही ज्या शर्यतीसाठी आलो होतो, ती जोडीची होती. डोंगरावरून एकामागून एक चार उतार. आणि जोडीतला मागचा जेव्हा रेषा ओलांडेल, ती दोघांची वेळ. एकटीला उतरूच देत नाहीत. दोन वर्षं दादाने पहाटे उठवून मला तयार केलं होतं, ते सगळं पाण्यात जाणार होतं. हाताला प्लास्टर घालून दादा दुकानात परतला आणि त्याने सरळ निकाल दिला: मनगट तुमच्यामुळे गेलं, तर आता हिच्याबरोबर तुम्हीच उतरा. वर त्याच्या हातातल्या नट आवळायच्या पान्यावरून त्याचं नावही ठेवलं, पानाबुवा.

पानाबुवा कबूल झाला. त्याच संध्याकाळी त्याने माझ्या सायकलचे ब्रेक बदलून आपल्याकडच्यासारखे करून दिले.

शर्यतीच्या सकाळी आम्ही माथ्यावर उभे होतो. खाली ढग पसरले होते, आणि त्या ढगांवर एक घार तरंगत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तो मात्र घारीकडे बघत नव्हता.

तीन उतार आम्ही उतरलो. प्रत्येक वेळी तो मागे राहायचा, चाचपडत यायचा.

"डोंगर तुमचा, आणि घाबरता तुम्हीच?"

"सवय होतेय," तो म्हणाला.

"कसली?"

"सोबतीची."

चौथ्या उताराच्या तोंडाशी माझी साखळी तुटली. जोडीत सायकली बदलायला परवानगी होती. त्याने मुकाट्याने सीट माझ्या उंचीला आणून त्याची सायकल माझ्या हातात दिली. उताराला साखळीवाचून चालतं, असं म्हणून माझी त्याने घेतली.

मी निघाले. त्याची सायकल, म्हणजे ब्रेक तिथल्यासारखे. हाताची सवय विसरले तर पुन्हा उडणार, आणि इथे खाली दगड होते. निम्म्यात अचानक खडी घसरण आली. व्हायचं तेच झालं, डाव्या हाताने आपणहून ब्रेक दाबला…

मागचं चाक अलगद मंदावलं. सायकल घसरण उतरून पुढे गेली.

मी थक्क झाले. एवढा मोठा डोंगर पाहिला होता, पण अंगावर काटा आला तो त्या दोन बोटांच्या ब्रेकमुळे.

तो मागाहून आला, चिखलाने माखलेला, पाय घासत. साठ जोड्यांत आम्ही एकेचाळिसावे. दादाने धड हाताने त्याची पाठ थोपटली आणि मनगट माफ केलं.

"तुमचे ब्रेक कधी बदललेत?" मी विचारलं.

"तुमचे बदलले तेव्हाच. तुमची सायकल बिघडलीच, तर माझी तुमच्या हाताला जुळायला हवी होती."

म्हणजे चारही उतार हा माणूस उलट्या ब्रेकवर उतरला होता. आणि मी त्याला भित्रा म्हटलं होतं.

त्याने ब्रेक परत फिरवायला पाना काढला. मी ब्रेकवर हात ठेवला.

"राहू दे ना तसेच."

"मग मी रोज पडेन."

"पड," मी म्हणाले. त्याला पहिल्यांदाच एकेरीत. "आई नसेल इथे… पण मी असेन."