माईंच्या हातचा चहा

"नको माई, उशीर होतोय," असं म्हणत सुनेनं बुटांच्या नाड्या आवळल्या, टोपी उचलली आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा... आणि वाफाळत्या चहाचा कप हातात धरून माई दारात तशाच उभ्या राहिल्या. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. आज मात्र हद्द झाली होती! त्यांनी तो चहा मोरीत ओतून दिला आणि लेकीला फोन करून सांगितलं, की मी तुझ्याकडे राहायला येतेय. किती दिवस ते लेकीनं विचारलं नाही आणि माईंनीही सांगितलं नाही.

सून पोलिसात शिपाई होती. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, पण माई मुलाच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचा निर्णय चुकला नव्हता. पोर हसरी होती, कामाला वाघ होती, सुट्टीच्या दिवशी माईंचे पाय चेपता चेपता टीव्हीवरच्या खलनायकाला "याला मी केव्हाच आत टाकला असता" असा दम भरून माईंना पोट धरधरून हसवायची. भरल्या घरात हा एकच काटा सलत होता. ड्युटीवर निघताना ती माईंच्या हातचा चहा सोडाच, घोटभर पाणीही घेत नसे. आणि सुट्टीच्या सकाळी, माई फिरायला गेल्या की नवऱ्यानं केलेला चहा मात्र कपावर कप रिचवायची! एकदा लवकर परतलेल्या माईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. नवऱ्याच्या हातचा गोड लागतो, मग माझ्याच हाताला काय विष लागलंय?

तिला विचारायचं? छे! विचारणं, मागणं, कुणापुढे पदर पसरणं माईंना जन्मात जमलं नव्हतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, शिलाईयंत्रावर मान मोडून मुलांना वाढवलं, पण शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही. त्या नुसत्या आतल्या आत कुढत राहिल्या.

पिशवी भरताना समोर टीव्ही चालू होता. सभागृहात पोलिसांच्या पगारावरून जुंपली होती. तिजोरीला झेपेल तेवढं आम्ही दिलंय, असं मंत्री सांगत होते. ही वाढ म्हणजे तोंडाला पानं पुसणं आहे आणि आठ तासांची ड्युटी नुसती कागदावर आहे, असं विरोधक ओरडत होते. अधिवेशन सुरू झाल्यापासून सून रोज त्याच इमारतीबाहेरच्या चौकात बंदोबस्ताला होती, म्हणून माईंचा अर्धा कान तिकडे होता. एवढ्यात एक वयस्कर सदस्या उठल्या.

"अध्यक्ष महाराज, पगाराचं बोलूच. पण बाहेर ज्या पोरी पहाटेपासून उभ्या आहेत, त्यांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. प्यायलं तर जायचं कुठे? बिचाऱ्या घरूनच कोरड्या तोंडानं निघतात."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

माईंच्या हातातली घडी अर्धवट राहिली. सुनेला सारखा येणारा तो ताप, ओटीपोटातल्या त्या कळा... भरपूर पाणी प्या म्हणून डॉक्टरांनी बजावलं तेव्हा माई शेजारीच बसलेल्या होत्या. घरी आल्यावर "निष्काळजी कुठली" म्हणून त्यांनीच तिला फैलावर घेतलं होतं, आणि ती मान खाली घालून नुसती हसली होती! संध्याकाळी परतल्यावर ती एक शब्द न बोलता तडक बाथरूमकडे धावायची, त्याचाही माईंनी रागच धरला होता. अरे देवा! एवढं सोसत होती पोर, आणि आपण मात्र मानापमान कुरवाळत बसलो...

पिशवी तिथेच टाकून माईंनी बस गाठली. चौकात लोखंडी अडथळे लावलेले होते आणि रणरणत्या उन्हात सून गाड्या वळवत होती. माई तिच्याकडे गेल्या नाहीत, समोरच्या इमारतीचा जिना चढल्या. एक दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. दुसऱ्यातून "पोलिसांची कटकट नको" असं ऐकू आलं. माईंचा चेहरा अपमानानं लाल झाला, पाय माघारी वळू पाहू लागले, तरी त्यांनी पुढची बेल दाबली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेल्या एका बाईनं दार उघडलं.

"खाली चौकात उभी आहे ना, ती माझी सून." माईंनी खिडकीकडे बोट केलं. "तिला तुमच्याकडे बाथरूमला येऊ द्याल का?"

बाईनं खिडकीतून खाली पाहिलं. "रोज बघते हो मी तिला. कधी मनातच आलं नाही," ती ओशाळून म्हणाली आणि तिनं पाण्याची बाटली भरून माईंच्या हातात दिली.

माईंना समोर पाहून सून घाबरलीच. घरी सगळं ठीक आहे ना, असं तिनं विचारलं.

"ठीक आहे. आधी हे पी, मग वर जा. दुसरा मजला, जिन्यालगतचं दार. मी विचारून आलेय."

"तुम्ही?" सून बघतच राहिली. "माई... तुम्ही परक्याच्या दारात मागायला गेलात?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, सोड ती नोकरी. आणि मला ही नोकरी मनापासून आवडते हो."

"आणि मला वाटायचं, तुला माझ्या हातचं नकोय."

सुनेला हुंदका आवरेना. वर्दीची पर्वा न करता ती माईंच्या गळ्यात पडली. तुमच्या चहाच्या वासानं मोह होतो म्हणूनच मी धावत जिना उतरते, एवढंच तिला कसंबसं बोलता आलं. जवळच्या हवालदारांनी समजून उमजून पाठ फिरवली. सुनेनं उभ्या उभ्या बाटली तोंडाला लावली, ती घटाघटा पाणी प्यायली आणि इमारतीकडे धावली.

पलीकडच्या अडथळ्यापाशी उभी असलेली एक तरुण शिपाई घुटमळत माईंजवळ आली. तिचे ओठ सुकून गेले होते.

"काकू, मी पण जाऊ का?"

माईंनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर दूरवर उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींकडे पाहिलं.

"जा बाळा," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांसाठी मी पलीकडच्या इमारतीत विचारून येते."