कड्याखालची बाग

नूर्मिला पाण्याबाहेर आली आणि नावेची कड धरून नुसती खोकत राहिली.

"अगं, बोल ना!" गावप्रमुख कमारुदिन नावेतून ओरडले.

"काका, सांगाडे रिकामे आहेत. एकही प्रवाळ उरलं नाही."

ते लोखंडी सांगाडे सगळ्या गावाने मिळून समुद्रात उतरवले होते. सुरुंगाच्या मासेमारीने मेलेल्या खडकावर ते ठेवून त्यांना प्रवाळाचा एकेक तुकडा दोऱ्याने बांधायला लासानीने शिकवलं होतं. आणि लासानीचाही कालपासून पत्ता नव्हता.

दुपारपर्यंत गावाने निकाल लावून टाकला. शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्याला प्रवाळं विकून लासानी पळाला. पाण्यातल्या खांबांवर उभ्या घरांमधून दिवसभर त्याच्या नावाने शिव्या ऐकू येत होत्या.

चोरट्या मासेमारीवर नजर ठेवायच्या गस्तीची जबाबदारी नूर्मिलाकडे होती. ती लासानीच्या आईकडे गेली. दारियाने दार जेमतेम किलकिलं केलं.

"मावशी, त्याची होडी तर खालीच बांधलेली आहे."

"हो."

"मग तो गेला कसा?"

"कुणाच्या तरी नावेतून गेला असेल. मी मागे चुलीपाशी होते."

"जाताना काही म्हणाला?"

"पाणी तापलंय, पोरं पांढरी पडायला लागलीत, एवढंच घोकत होता. प्रवाळांना पोरं म्हणायचा मेला." म्हातारीने डोळे पुसले. "येईल गं परत. चार शिव्या खाईल, पण येईल."

घरी नूर्मिलाने नवऱ्याला वाढलं. जुमार्दिन आणि लासानी लहानपणापासूनचे जिवलग. जुमार्दिनने कालच्यासारखाच आजही मासा बाजूला सारला आणि कोरडा भात चिवडत बसला.

"मासा का नको?"

"पोट बरं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सांगाड्यांपाशी उतरली. दोरे तिथेच लोंबत होते. कुठेही सुरी लागलेली नव्हती, प्रत्येक गाठ बोटांनी सोडवलेली होती. चोराला एवढी सवड कुठून असणार? आणि पाणी अंगाला चक्क कोमट लागत होतं.

थंड पाणी फक्त कड्याखाली, जिथे तळ एकदम खोल सुटतो तिथे. तिने नाव तिकडे वळवली, छातीत मावेल तेवढा श्वास भरला आणि खाली गेली. श्वास संपता संपता तिला ती दिसली. कड्याच्या कपारीत रांगेने बांधलेली, तपकिरी, जिवंत प्रवाळं. गाठी लासानीच्याच होत्या.

वर येऊन ती नावेत पालथी पडली आणि रडली. एवढ्या खोलवर एका श्वासात एक गाठ मारणंही कठीण होतं. इथे तर अख्खी बाग लावलेली होती.

संध्याकाळी धक्क्यावर गाव जमला. दारियालाही नूर्मिलाने हाताला धरून आणलं होतं.

"लासानीने चोरी केली नाही," नूर्मिला म्हणाली. "तापलेल्या पाण्यात प्रवाळं मरत होती, म्हणून त्याने ती कड्याखाली हलवली. पण तिथे काम करायचं तर वरून नळीने हवा हवी. म्हणजे नावेतलं हवेचं मशीन, कॉम्प्रेसर. त्याच्या हवेवर खोल उतरून गावातली दोन तरुण मुलं लुळी पडल्यावर माझ्याच सांगण्यावरून आपण त्यावर बंदी घातली. सगळ्यांनी आपापले कॉम्प्रेसर विकले. एकाने मात्र विकला असं नुसतं सांगितलं."

"कोणी?" कमारुदिननी विचारलं.

"सगळा गाव लासानीला पळपुटा म्हणत होता, तेव्हा एका माणसाने मासा खायचं सोडलं. आपला माणूस समुद्रात बुडाला की आपण मासा सोडतो, काका. पळून गेलेल्यासाठी कोणी सोडत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला कसं कळलं, तो समुद्रात आहे ते?"

जुमार्दिन खाली बसला.

"शेवटची खेप होती. मशीनचा पट्टा तुटला. मी नळी ओढली, तर नुसती नळीच हातात आली. मी उडी मारली, नूर. पुन्हा पुन्हा मारली. खाली पाण्याला ओढ फार होती."

"त्या वेळी मी गस्तीची नाव घेऊन पलीकडेच होते."

"दिसत होतीस."

"मग हाक का नाही मारली?"

"मशीन नावेत होतं. तू बघितलं असतंस. आधी ते बुडवलं... मग मान वर केली, तोवर तू लांब गेली होतीस."

कमारुदिननी टोपी काढून हातात घेतली. नूर्मिला दारियासमोर गुडघ्यांवर बसली.

"मावशी, तुमचा लेक चोर नव्हता."

"म्हणजे तो येणार नाही," म्हातारी म्हणाली. "चोर असता तर आला असता गं."